डॉटमागे दडलेली क्वेरी

प्रश्न : आमची चॅट सेवा पायथनमध्ये असिंकआयओवर (एकाच थ्रेडवर अनेक कामं आळीपाळीने चालवणाऱ्या लायब्ररीवर) आहे. सगळी फंक्शन्स 'असिंक डेफ' केली, ओआरएम (डेटाबेसच्या ओळी ऑब्जेक्ट म्हणून हाताळणारी लायब्ररी) आणि पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर सायकोपीजी2 मात्र जुनंच ठेवलं. गर्दी वाढली की सगळ्यांचंच अडकतं. असं का?

उत्तर : पुढे 'असिंक' लिहिलं म्हणून आतलं काम असिंक होत नाही. इव्हेंट लूप, म्हणजे कामं आळीपाळीने चालवणारा भाग, एकाच थ्रेडवर चालतो आणि 'अवेट'पाशी खरोखर थांबावं लागलं तरच दुसऱ्या कामाकडे वळतो. सायकोपीजी2 उत्तर येईपर्यंत तो थ्रेड धरून बसतं. क्वेरीला 200 मिलिसेकंद लागले तर तेवढा वेळ सगळेच वापरकर्ते खोळंबतात. ज्यांचा त्या क्वेरीशी काही संबंध नाही तेसुद्धा. असिंकआयओचा डीबग मोड चालू करून बघा. 100 मिलिसेकंदांहून जास्त वेळ लूप अडवणारं काम तो लॉगमध्ये दाखवतो. मग एक तर असिंक ड्रायव्हर घ्या, नाहीतर डेटाबेसचं अख्खं काम एका साध्या फंक्शनमध्ये ठेवून ते थ्रेडवर पाठवा.

प्रश्न : एसक्यूएलअल्केमी या ओआरएमचं असिंकसेशन वापरतो. कमिटनंतर (बदल पक्के केल्यावर) ऑब्जेक्टचं साधं नाव वाचलं तरी 'मिसिंगग्रीनलेट' एरर येते. नाव तर आधीच आणलेलं असतं ना?

उत्तर : आणलेलं असतं, पण कमिट झाल्यावर सेशन ते शिळं ठरवतं. हे मुळापासून समजून घ्या, कारण ओआरएम आणि असिंक यांचं खरं भांडण इथेच आहे.

ओआरएमची सगळी सोय डॉटमध्ये आहे. 'ऑर्डर डॉट ग्राहक' लिहिलं की ग्राहक हजर. तो मेमरीतून आला की नेटवर्कवरून, हे लिहिणाऱ्याला कळत नाही, आणि कळू नये हाच हेतू होता. असिंकचा आग्रह नेमका उलटा आहे : जिथे थांबायचं तिथे 'अवेट' दिसलाच पाहिजे. साध्या डॉटपुढे अवेट लिहिण्याची सोय नाही.

2021 साली आलेल्या एसक्यूएलअल्केमीच्या 1.4 आवृत्तीने यावर मधला मार्ग काढला. आतलं यंत्र सिंकच ठेवलं आणि ड्रायव्हरला थांबायची वेळ आली की ग्रीनलेट या (फंक्शन मधेच थांबवून दुसरीकडे जाऊ देणाऱ्या) लायब्ररीच्या साहाय्याने बाहेरच्या कोरूटीनकडे, म्हणजे 'असिंक डेफ' फंक्शनकडे, उडी मारायची. हा पूल 'अवेट सेशन डॉट एक्झिक्यूट' यासारख्या कॉलच्या आतच उभा असतो. तुम्ही बाहेर डॉट लावता तेव्हा पूल नसतो, म्हणून एरर.

उपाय : सेशन बनवताना 'एक्स्पायर ऑन कमिट' फॉल्स ठेवा. लागणारी नाती क्वेरी लिहितानाच मागून घ्या. याद्यांसाठी सिलेक्टइनलोड, एकेरी नात्यासाठी जॉइन्डलोड. आणि मॉडेलमध्ये नात्यांच्या 'लेझी' पर्यायाला 'रेज' द्या, म्हणजे न मागवलेल्या नात्याला हात लावताच एरर येते. सुरुवातीला ते जाचक वाटेल, पण विसरलेलं नातं चाचणीतच पकडलं जातं. ही एरर मी एकदा दोन दिवस शोधत होतो. गुन्हेगार होती लॉगची एक ओळ. ती ऑब्जेक्ट छापत होती आणि ऑब्जेक्ट छापताना मजकूर देणारं त्याचं 'रेप्र' फंक्शन ग्राहकाच्या नावासाठी गुपचूप डॉट लावत होतं. तेव्हापासून रेप्रमध्ये मी फक्त आयडी ठेवतो, आणि तुम्हीही तेच करावं असं मनापासून सांगतो.

प्रश्न : तीन क्वेरी एकाच सेशनवर 'गॅदर'ने एकदम सोडल्या तर वेळ वाचेल ना?

उत्तर : नाही. एक सेशन म्हणजे एका वेळी एक ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्कं किंवा रद्द होणारं काम), म्हणजे एक कनेक्शन, आणि त्यावर एका वेळी एकच क्वेरी. प्रत्येक टास्कला वेगळं सेशन द्या. पण मग ट्रान्झॅक्शनही वेगवेगळी होतात. एकाने न कमिट केलेलं दुसऱ्याला दिसत नाही. बरेचदा तिन्हींची मिळून एक नीट क्वेरी लिहिणंच बरं पडतं.

प्रश्न : लोड वाढला की कनेक्शन पूल (डेटाबेसच्या उघड्या कनेक्शनचा साठा) संपल्याची एरर येते. आकार 200 करू का?

उत्तर : आधी गणित करा. एसक्यूएलअल्केमीचा पूल मुळात 5 कनेक्शनचा असतो, गरज पडल्यास वर आणखी 10. तरीही मिळालं नाही तर 30 सेकंद वाट बघून एरर. हा हिशेब प्रत्येक प्रोसेसमागे आहे. चार प्रोसेस असतील तर 60. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100 आहे. तुमच्या 200 चे 800 होतील.

आकाराआधी कनेक्शन कोण अडवून बसलंय ते पाहा. बहुतेक वेळा असं सापडतं : सेशन उघडलं, एक ओळ वाचली, मग त्याच ब्लॉकमध्ये बाहेरच्या एपीआयला 'अवेट' लावला. तो दोन सेकंदांनी उत्तर देतो आणि तोवर कनेक्शन उघड्या ट्रान्झॅक्शनसह रिकामं पडून असतं. असिंकमध्ये अशी शेकडो कामं एकदम चालू असतात, त्यामुळे पूल चुटकीसरशी संपतो. वाचा, सेशन बंद करा, बाहेर जाऊन या, लिहायला नवं सेशन उघडा.

प्रश्न : जँगो या वेब फ्रेमवर्कच्या ओआरएममध्ये 4.1 पासून 'एगेट', 'एक्रिएट' ही असिंक फंक्शन्स आहेत. मग आता काळजी मिटली?

उत्तर : लिहिण्याची सोय झाली, पण आत 'सिंक टू असिंक'च आहे, काम थ्रेडवरच होतं. ट्रान्झॅक्शनसाठीचं 'अ‍ॅटॉमिक' असिंक कोडमध्ये चालत नाही. म्हणून अख्खं ट्रान्झॅक्शन एका सिंक फंक्शनमध्ये लिहा आणि ते फंक्शन एकदाच गुंडाळा.

प्रश्न : ट्विस्टेड (पायथनची एक जुनी असिंक लायब्ररी) वापरणारा सर्व्हर सांभाळतो. त्यात ओआरएम कसं बसवू?

उत्तर : 'डिफर टू थ्रेड'ने, म्हणजे काम वेगळ्या थ्रेडवर पाठवून. सेशन थ्रेडच्या आतच उघडा, आतच बंद करा. बाहेर ओआरएमचा ऑब्जेक्ट आणू नका, साधी डिक्शनरी आणा. नाहीतर कॉलबॅकमध्ये कुणीतरी डॉट लावेल आणि क्वेरी थेट ट्विस्टेडच्या इव्हेंट लूपच्या, म्हणजे रिअ‍ॅक्टरच्या थ्रेडवर चालेल.