सोलरचं पाणी 80 अंशांवर जाईना: तक्रार नेमकी कशाची करायची?

दारव्हा तालुक्यातल्या एका भावाने विचारलंय: आठ म्हशींचा घरचा दूधधंदा आहे, कॅन धुवायला 200 लिटरचा सोलर वॉटर हीटर घेतला. नागपूरच्या विक्रेत्याने कोटेशनवर ‘बारा महिने 80 अंश, रोज 40 युनिट उष्णता’ असं लिहून दिलं. दीड वर्ष झालं, पाणी साठीच्या पुढे सरकत नाही. ‘यंत्र सदोष’ म्हणून केस करू का?

भाऊ, तसं करू नका. आधी ते 40 आले कुठून ते पाहा. तुमचा कलेक्टर, म्हणजे ऊन झेलणारा भाग, 4 चौरस मीटरचा. भर दुपारी चौरस मीटरवर साधारण 1 किलोवॉट ऊन पडतं, त्याला 4 ने आणि 10 तासांनी गुणलं की झाले 40. पण दिवसभर दुपारच नसते. आपल्याकडे वर्षाची सरासरी चौरस मीटरमागे रोज 5 युनिटांच्या आसपास, चारांचे 20, आणि त्यातलं निम्मं पाण्यात उतरलं तरी चांगलं. म्हणजे 10 युनिट. तेवढ्यात 200 लिटर पाणी 43 अंशांनी तापतं, 20 चं 63 होतं. 80 करायला 14 युनिट लागतात. पावसाळी ढगांत तर 10 सुद्धा मिळत नाहीत.

थोडक्यात, यंत्र बहुधा ठीक आहे, दावाच खोटा आहे. ‘सदोष’ लिहिलंत तर ग्राहक आयोग ते प्रयोगशाळेत पाठवू शकतो, खर्च आधी तुम्ही भरायचा, आणि ‘दोष नाही’ असा अहवाल आला की केस गेलीच समजा. म्हणून ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(47) खाली ‘अनुचित व्यापार प्रथा’ लिहा. यंत्र परत घेऊन पैसे द्यावेत, शिवाय नुकसानभरपाई, अशी मागणी ठेवा.

धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असं विक्रेता म्हणेल. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा ‘धंद्यासाठी’ धरत नाही, म्हणून तुम्ही ग्राहकच. बोअरच्या पाण्याचा क्षारही तो पुढे करेल, आणि नळ्यांत क्षार साचला की पाणी कमी तापतं हे खरंच आहे. तेव्हा सफाई करून पावती ठेवा, मग पंधरवडाभर दुपारी चारला टाकीत येणारं गार आणि नळातून निघणारं गरम, दोन्ही पाण्यांचं तापमान वहीत लिहा.

तक्रार यवतमाळच्या जिल्हा आयोगातच करता येते, नागपूरला जायला नको. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत मात्र 2 वर्षांची. ‘पुढच्या महिन्यात मेकॅनिक पाठवतो’ या फोनांनी ती थांबत नाही, म्हणून विक्रेत्याला नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवा आणि तक्रार मुदतीच्या आत दाखल करा. कोटेशनची मूळ प्रत कुणी मागितली तरी हातातून सोडू नका, झेरॉक्स द्या.