लिंक अडव, माहिती अडवू नको

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तालुक्याच्या कास्तकार ग्रुपवर एक्सच्या, म्हणजे जुन्या ट्विटरच्या, लिंका बंद कराव्या का, असं तू विचारलंस. दोन्ही बाजूंची पोरं तुझ्या मागं लागलेली दिसतात. मत आधी सांगतो, कारणं मागून. नुसती लिंक बंद कर, नुसता स्क्रीनशॉटही बंद कर. पण तिथलीच माहिती कोणी मराठीत लिहून, कोणाची, कोणत्या तारखेची, किती वाजताची हे सांगून टाकत असेल, तर ती येऊ दे. आणि ही बंदी कंपनीच्या मालकाला धडा शिकवायला आहे असं ग्रुपमध्ये लिहू नको.

हा वाद आपल्याकडं बाहेरून आला आहे. इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, जुलै २०२३ मध्ये त्याचं नाव एक्स झालं. २० जानेवारी २०२५ ला, ट्रम्प यांच्या शपथविधीच्या दिवशी, मस्क यांनी मंचावरून हात ज्या रीतीनं उंचावला तो अनेकांना नाझी सलाम वाटला. मस्क यांनी तो आरोप फेटाळला. पुढच्या काही दिवसांत रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या कितीतरी समूहांनी, त्यांत खेळांचे मोठे समूहही होते, एक्सच्या लिंका बंद केल्या. त्या समूहांत लाखो माणसं असतात. त्यांनी पाठ फिरवली तर कंपनीला निदान कळतं तरी. तुझ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात फार तर १,०२४ माणसं मावतात आणि त्यातल्या बहुतेकांचं एक्सवर खातंच नसेल. तुमच्या बंदीनं तिकडं पानही हलणार नाही. एखाद्याला तत्त्व म्हणून ते अ‍ॅप नकोच असेल तर त्यानं आपल्या फोनमधून काढावं, त्याला कोण अडवतं? पण तुझ्या ग्रुपातल्या आठशे लोकांच्या नावानं निषेध करायचा तर त्या आठशेंना विचारावं लागेल. तसं न विचारता केलंस, तर पानठेल्यावर त्याचा अर्थ एकच निघेल: अ‍ॅडमिन अमक्या पक्षाचा.

म्हणून कारण आपल्या माणसांच्या फोनमध्ये शोध. आधी मोजून घे. ग्रुपच्या नावावर बोट ठेवलं की मीडिया आणि लिंकचा रकाना उघडतो. मागच्या एका महिन्यात किती लिंका आल्या, त्यात एक्सच्या किती, यूट्यूबच्या किती, फेसबुकच्या किती, ते कागदावर लिही. प्रत्येक एक्सच्या लिंकसमोर दोनच खुणा कर: त्यातून कोणाचं काही काम झालं का, आणि त्याखाली भांडण झालं का. बहुधा दिसेल असं की एक्सच्या लिंका मूठभर आहेत आणि त्या टाकणारे दोन-तीनच जण आहेत. तसं निघालं तर नियमापेक्षा त्या तिघांना फोन करणं सोपं.

मग एखाद्या म्हाताऱ्या सभासदाचा फोन घे, ज्यात एक्सचं खातं नाही, आणि त्यातली एक लिंक उघडून बघ. ती एक पोस्ट साधारणपणे दिसते. खालची उत्तरं दिसत नाहीत, म्हणजे कोणी 'हे जुनं आहे, खोटं आहे' असं लिहिलं असलं तरी ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. खात्याच्या नावावर बोट ठेवलं तर ताज्या पोस्टऐवजी आधी गाजलेल्या पोस्ट दिसतात, क्रम सोडून. २०२३ च्या मध्यापासून हे असं आहे. याचा आपल्याला थेट तोटा आहे. हवामान केंद्राचं किंवा जिल्हा प्रशासनाचं खातं उघडणाऱ्याला दोन वर्षांपूर्वीचा रेड अलर्ट सगळ्यात वर दिसू शकतो, आणि आज सकाळचा इशारा दिसतच नाही. माझ्या मते लिंक बंद करायला एवढं कारण पुरेसं आहे. यात राजकारण कुठंच नाही.

दुसरं कारण एक्सवर खात्याच्या नावापुढं असते त्या निळ्या खुणेचं. पूर्वी ती ओळख तपासून मिळायची. एप्रिल २०२३ मध्ये जुन्या खुणा काढल्या आणि आता पैसे भरले की निळी खूण मिळते. सरकारी खात्यांना राखाडी खूण असते, संस्थांना सोनेरी. गावात अजून 'निळी टिक आहे म्हणजे खरं' असंच चालतं. हे एकदा ग्रुपवर लिहून टाक आणि वर पिन करून ठेव.

आता स्क्रीनशॉट. लिंका बंद केल्या आणि इथं ढील दिली तर आधीपेक्षा वाईट होतं. लिंक निदान मूळ जागी नेते. स्क्रीनशॉटमध्ये तारीख कापलेली असते, नाव बदललेलं असू शकतं, आणि तो बनवायला पाच मिनिटं लागतात. कापसाच्या दिवसांत 'सीसीआयची (सरकारी कापूस महामंडळाची) खरेदी उद्यापासून बंद' असा बिनतारखेचा स्क्रीनशॉट फिरला की घायकुतीला आलेला माणूस २०२५-२६ चा लांब धाग्याचा ८,११० रुपयांचा हमीभाव सोडून खेडा खरेदीवाल्याला माल देऊन बसतो. बातमी कदाचित खरीही असेल, पण दुसऱ्या केंद्राची, किंवा मागच्या हंगामाची. आयात शुल्काचंही तसंच. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ झालं, मग ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. पहिल्या आदेशाचं चित्र ऑक्टोबरमध्ये पाहणाऱ्याला वाटणार की माफी संपली, आता भाव चढतील, माल धरून ठेवा. चित्र खरं असूनही त्यानं घेतलेला निर्णय चुकतो.

पुराचे व्हिडिओ सगळ्यात फसवे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला मोठा पूर आला, गोसीखुर्दच्या ३३ दरवाजांतून सुटलेलं पाणी भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत लोकांनी पाहिलं. ते चित्रण आज टाकलं तर आजचंच वाटेल. यावर एक सोपी युक्ती आहे. एक्सच्या लिंकच्या शेवटी १९ आकड्यांची एक संख्या असते आणि ती पोस्ट टाकल्याच्या वेळेवरून तयार होते. ऑगस्ट २०२० च्या शेवटच्या दिवसांतली संख्या १२९९ किंवा १३०० नं सुरू होते, मार्च २०२५ च्या मध्यातली १९०० च्या आसपास. दोन लिंका शेजारी ठेव, मोठी संख्या नंतरची. स्क्रीनशॉटमध्ये ही सोय नाही. पण यानं फक्त पोस्ट कधी टाकली तेवढं कळतं. जुनं चित्रण आज नव्यानं टाकलं असेल तर संख्या आजचीच दाखवेल, त्यामुळं तेवढ्यावर विसंबू नको.

नियम लांबलचक लिहू नको. मी असा लिहीन: 'एक्सची नुसती लिंक किंवा नुसता स्क्रीनशॉट टाकू नये. माहिती मराठीत दोन-तीन ओळींत लिहावी. कोणत्या खात्यानं, कोणत्या तारखेला, किती वाजता सांगितलं ते लिहावं. हवी तर लिंक त्याखाली द्यावी. पूर, वीज, धरणाचं पाणी यांचे सरकारी इशारे याच रीतीनं कधीही टाकावेत. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबलाही हाच नियम.' शेवटचं वाक्य गाळू नको. एकट्या एक्सला अडवून रील मोकळे सोडलेस तर तुझ्या नियमाला कोणी मानणार नाही, आणि बरोबरच आहे.

इशाऱ्यांसाठी मुळात एक्सवर अडून राहायची गरज नाही. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचं स्वतःचं संकेतस्थळ आहे, वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी दामिनी अ‍ॅप आहे. मृग लागला की एका माणसाकडं हे काम दे: सकाळी एकदा आणि दुपारी एकदा बघायचं, आपल्या जिल्ह्यापुरतं दोन ओळींत लिहायचं, खाली वेळ टाकायची. वावरात असलेल्या माणसाला तेच वाचता येतं. लिंक उघडायला नेट पुरत नाही, त्यात लाईन गेलेली असली की टॉवरही झोपतो.

अंमलबजावणी कुठं किती जमते ते आता. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अमुक संकेतस्थळाची लिंक आपोआप अडवायची सोय नाही. कोणीतरी बघून हातानंच काढावी लागते. २०२२ पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण तिथं कोणत्या अ‍ॅडमिननं काढला ते सगळ्यांना दिसतं. म्हणून तिघं अ‍ॅडमिन ठेव, तीन गावांचे, आणि शक्यतो तीन गटांचे. एकाच माणसाचं नाव दहादा दिसलं की वाद नियमाचा राहत नाही, त्या माणसाचा होतो. काढल्यावर टाकणाऱ्याला खासगीत लगेच लिही: 'माहिती चांगली आहे, तारीख टाकून पुन्हा टाक.' नव्वद टक्के राग तिथंच ओसरतो (हा आकडा अंदाजाचा, पण अंदाज अनुभवाचा).

टेलिग्रामवर रोझसारखा बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम, अ‍ॅडमिन करून त्याला मेसेज काढायची परवानगी दिली की ठरवलेल्या शब्दांचे मेसेज तो स्वतः काढतो. फेसबुक ग्रुपमध्ये अ‍ॅडमिन असिस्टमधून तसं करता येतं. इथं एक खड्डा आहे. यादीत इंग्रजीत नुसतं 'एक्स डॉट कॉम' टाकलंस आणि गाळणी अक्षरं जुळवून बघणारी असली, तर नेटफ्लिक्स आणि फेडेक्सच्या लिंकाही उडतील, कारण त्यांचाही शेवट तोच आहे. हसू नको, एप्रिल २०२४ मध्ये खुद्द एक्सनं आपल्या आयफोन अ‍ॅपमध्ये ट्विटर डॉट कॉमच्या जागी एक्स डॉट कॉम आपोआप दाखवायला सुरुवात केली तेव्हा भलतीच नावं नेटफ्लिक्ससारखी दिसू लागली होती आणि त्यांना ते मागं घ्यावं लागलं. म्हणून नावाच्या आधी दोन तिरप्या रेघा येतात त्यांच्यासकट लिही. जुनं ट्विटरचं नाव आणि टी डॉट को ही आखूड लिंकही यादीत घाल. मग स्वतः पाच-सहा लिंका टाकून बघ, काय उडतं आणि काय राहतं.

बंदीविरुद्धच्या पोरांचं म्हणणं उडवून लावू नको. फेब्रुवारी २०२४ च्या शेतकरी आंदोलनात केंद्राच्या आदेशावरून एक्सनं काही खाती भारतात रोखली आणि आपल्याला हे पटत नाही असंही जाहीर केलं. आंदोलनाची बाजू तिथंच मांडली जात असेल आणि तूही ती अडवलीस, तर कास्तकारांच्या ग्रुपला ते शोभत नाही. मजकूर लिहून टाकायची वाट मोकळी ठेव म्हणतो ते यासाठीच. दुसऱ्या बाजूचंही एक म्हणणं खरं आहे. एक्सच्या ग्रोक या एआयनं बायकांच्या फोटोंची अश्लील चित्रं तयार होऊ लागली आणि जानेवारी २०२६ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं कंपनीला नोटीस दिली. असलं काही ग्रुपवर आलं तर तारीख-वेळेचा प्रश्नच येत नाही. काढायचं, माणूसही काढायचा, आणि गावातल्या कोणा बाईचा फोटो असेल तर तिच्या घरच्यांना आधी सांगून पोलिसांकडं जायचं. पुरावा म्हणून नंबर आणि वेळ लिहून ठेवायची, चित्र पुढं पाठवायचं नाही.

कायद्याचं तू विचारलं नाहीस, पण अ‍ॅडमिनला माहीत पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये, गोंदिया जिल्ह्यातल्याच एका प्रकरणात, सांगितलं की सभासदानं टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी अ‍ॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दाखवावा लागतो. अ‍ॅडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच आहे, असं तेव्हा न्यायालयानं धरलं होतं. आता मेसेजही काढता येतो. म्हणून उद्या कोणी विचारलं, 'दिसलं होतं तर काढलं काहून नाही?', तर नुसता तो निकाल दाखवून भागेल असं मी धरून चालणार नाही. जातीवर, धर्मावर काही आलं तर ते एक्सवरचं आहे की घरचं, हे बघत बसू नको. काढ.

आणि एक्सच्या नादात मोठा धोका नजरेआड करू नको. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं भटक्या समाजाच्या पाच माणसांना मारून टाकलं. ती अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घालायला घेतली. ज्या मेसेजवर दोन बाणांची, 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण असते, तो माझ्या हिशेबानं एक्सच्या कुठल्याही लिंकपेक्षा आधी तपासायचा. नियम त्यालाही लाव.

पेरणीच्या धांदलीत नवा नियम आणू नको, कोणी वाचणार नाही. मे महिन्यात मांड, आठ दिवस हरकती ऐक, ग्रुपवरच मतदान घे आणि किती जणांनी मत दिलं तो आकडाही टाक. मुदत पोळ्यापर्यंतची ठेव. पोळ्याच्या आठवड्यात तिघं अ‍ॅडमिन बसा, काढलेल्या मेसेजची वही उघडा, आणि त्यात चांगली माहिती उगाच काढली गेल्याच्या नोंदी जास्त निघाल्या तर लिंकेची अट सैल करा. वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेव: तारीख, कोणाचा मेसेज, काहून काढला, कोणी काढला.

तुझा,
काका