बासमती आपल्या आवणात लावायची का? इगतपुरी-त्र्यंबकच्या शेतकऱ्यांना उत्तर

शेतकरी बंधू-भगिनींनो,

मे संपत आला की भाताच्या बियाण्याची विचारपूस सुरू होते. यंदा त्यात बासमतीची विचारपूस जास्त आहे. घोटीजवळचे एक शेतकरी विचारतात, "मित्राने हरियाणातून ११२१ चं बियाणं आणून दिलंय, दीड एकरात टाकू का?" त्र्यंबककडच्या एका ताईंनी गेल्या खरिपात १५०९ लावलं होतं. (हे आकडे बासमतीच्या वाणांची नावं आहेत.) लोंब्या भरपूर निघाल्या, पण निम्मे दाणे पोचट, आणि भात शिजवला तर वासच नाही. बी खराब होतं का, असं त्या विचारतात. तिसरा प्रश्न वाढलेल्या युरियाचा आणि लोळलेल्या पिकाचा आहे, चौथा गिरणीत पडणाऱ्या कणीचा. शेवटी बी घरचं धरता येईल का, अशीही विचारणा आहे.

आधी विक्रीचं बोलतो. ते न ठरवता बी भिजत घातलं, तर पुढची सगळी मेहनत अडचणीत येते. बासमतीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात पंजाब, हरियाणा, दिल्ली, हिमाचल, उत्तराखंड आणि उत्तर प्रदेश व जम्मू-काश्मीरचे काही जिल्हे येतात. महाराष्ट्र त्यात नाही. मध्य प्रदेश समावेशासाठी न्यायालयापर्यंत गेलं, यावरून या नावाची किंमत लक्षात येईल. म्हणजे आपल्या आवणात (भाताच्या खाचरात) पुसाचंच, म्हणजे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचंच बी लावलं, दाणा लांब आला, वासही आला, तरी पिशवीवर 'बासमती' छापून विकता येणार नाही. 'सुवासिक लांब दाण्याचा तांदूळ' म्हणून विकावा लागेल, आणि गिऱ्हाईक तुम्हालाच शोधावं लागेल. घोटीच्या बाजारात इंद्रायणीला ओळख आहे, व्यापारी डोळे झाकून घेतो. लांब दाण्याला ती ओळख अजून नाही. म्हणून दीड एकराचा विचार या वर्षी सोडा. पाच गुंठ्यांत लावा, घरचं खाणं आणि नाशिकची दहा-बारा ओळखीची घरं एवढाच हिशेब धरा. बाकी रानात इंद्रायणीच राहू द्या. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेलं हे वाण १९८७ पासून आपल्या पावसात टिकून आहे, ते उगाच नाही.

आता ताईंचा प्रश्न. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ताई, तुमचं बी खराब नव्हतं, तारीख चुकली. तुम्ही १० जूनला गादीवाफ्यावर बी टाकलंत. १५०९ हे बियाण्यापासून ११५ ते १२० दिवसांत तयार होतं. कापणीच्या साधारण महिनाभर आधी फुलोरा, म्हणजे तो आला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ऐन पावसात. भाताचं फूल सकाळी नऊ-दहानंतर उघडतं आणि तासाभरात मिटतं. तेवढ्या वेळात सर आली की पराग धुऊन जातो, आणि ज्या फुलात पराग पडला नाही त्याचा दाणा पोचट राहतो. तुमच्या लोंब्या भरपूर होत्या, दाणे नव्हते, ते यामुळे. वासाचंही तसंच. बासमतीला दाणा भरताना कोरडी हवा आणि थंड रात्री लागतात. रात्र उबदार, आभाळ दाटलेलं असेल तर वास कमी येतो आणि दाण्याच्या पोटात पांढरा खडूसारखा डाग धरतो.

उत्तरेत हे गणित आपोआप जुळतं, कारण तिथे पाऊस सप्टेंबरात मागे हटतो. आपल्याकडे इगतपुरी-त्र्यंबकला तो ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळतो. म्हणून आपला नियम असा ठेवा की फुलोरा ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात यावा. ११५ ते १२५ दिवसांचं वाण असेल तर बी जुलैच्या पहिल्या आठवड्यात टाका. हळवं भात आहे म्हणून लवकर टाकायची आपली सवय इथे नुकसान करते. १४० ते १४५ दिवसांचं, म्हणजे ११२१ सारखं वाण असेल तर १५ जूनच्या सुमारास. उत्तरेतले दिवस इथे पाच-सात दिवसांनी मागे-पुढे होऊ शकतात, कारण उन्हाळ्यात तिकडचा दिवस आपल्यापेक्षा लांब असतो आणि भात दिवसाची लांबी ओळखतं. पहिल्या वर्षी लोंबी कधी बाहेर पडली ती तारीख वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तीच कामाला येईल.

यात एक पेच आहे, तो लपवून ठेवत नाही. फुलोरा ऑक्टोबरात गेला की पाऊस थांबलेला असतो आणि उतारावरची खाचरं आठवडाभरात फाटायला लागतात. दाणा भरायला ओल तर हवीच. त्यामुळे दारणा, भावली, मुकणेच्या बाजूला ज्यांना विहीर किंवा नाल्याचं पाणी आहे आणि पाऊस गेल्यावर दोन-तीन पाणी देता येतील, त्यांनीच हा प्रयोग करावा. ज्यांची आवणं फक्त आभाळावर आहेत त्यांनी करू नये, असं मी स्पष्ट सांगतो.

वाण कोणतं? मित्राने ११२१ दिलंय तर तेच टाकावं असं नाही. ११२१ चा दाणा कच्चा ८ मिलिमीटरहून लांब असतो आणि शिजल्यावर दुपटीच्या पुढे जातो, त्यामुळे ते डोळ्यात भरतं. पण करपा आणि कडा करपा या दोन्ही रोगांना ते बळी पडतं, आणि इगतपुरीच्या धुक्यात करपा दरवर्षी हजेरी लावतो. पुसाच्या शास्त्रज्ञांनी याच वाणांत रोगप्रतिकारक जनुकं घालून २०२१ मध्ये सुधारित वाणं दिली. १५०९ चं सुधारित रूप १८४७ आणि ११२१ चं सुधारित रूप १८८५. दाणा आणि वास जुनाच, करपा आणि कडा करप्याचा त्रास कमी. या वाणांमागे आणखी एक कारण होतं. करप्यावर मारतात त्या ट्रायसायक्लाझोलच्या अंशाची मर्यादा युरोपने ०.०१ पीपीएमवर आणली, आणि फवारलेल्या मालाची निर्यात अडू लागली. आपण निर्यात करणार नाही, पण घरात शिजणारा तांदूळ बिनफवारणीचा असावा हे कोणाला नको आहे? माझी निवड आपल्यासाठी १८४७ आहे. बी जुलैत टाकता येतं आणि रान कमी दिवस अडकून राहतं.

रोपं न लावता थेट पेरायच्या आणि तणनाशक सोसणाऱ्या १९७९ आणि १९८५ या वाणांबद्दलही एकाने विचारलं. आपल्या चिखलणीच्या रानात त्यांची गरज नाही. सांडलेलं बी पुढच्या वर्षी उगवलं तर त्याच तणनाशकाने मरणार नाही, हा त्रास वेगळाच.

बी एकरी ८ ते १० किलो पुरतं, म्हणजे पाच गुंठ्यांना सव्वा किलो. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका, तरंगणारं काढून टाका, बुडालेलं दोनदा साध्या पाण्याने धुवा. मग किलोला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळा. बासमतीत हे टाळू नका, कारण बकाने रोग बियाण्यातूनच येतो. गेल्या वर्षी एका वाफ्यात मी तो पाहिला. बाकी रोपं वीतभर असताना दहा-बारा रोपं फिकट, बारीक आणि दीड वीत उंच झालेली. शेतकरी खूश होते, जोमदार आहेत म्हणून. एक रोप उपटून पाहिलं तर खालच्या पेरातून मुळं फुटलेली आणि बुंध्यावर पांढरट-गुलाबी भुकटी. अशी रोपं आवणीआधी (लावणीआधी) उपटून वाफ्याबाहेर न्या, जाळा, बांधावर टाकू नका.

आवणी २५ दिवसांच्या रोपांची करा, २० बाय १५ सेंटिमीटरवर, एका चुडात दोन-तीन रोपं.

आता युरिया. बासमतीत पीक लोळण्याचं पहिलं कारण हेच. इंद्रायणीला आपण हेक्टरी १०० किलो नत्र देतो, म्हणजे एकरी जवळपास दोन पोती युरिया. त्याच हाताने ११२१ ला दिलं तर उंच कांडी ऑक्टोबरच्या वाऱ्यात आडवी होते, आणि लोळलेल्या पिकात दाणा कधीच नीट भरत नाही. पंजाब कृषी विद्यापीठाची शिफारस ११२१ साठी एकरी ३६ किलो युरियाची आहे आणि १५०९ साठी ५४ किलोची, आवणीनंतर तीन आणि सहा आठवड्यांनी दोन समान हप्त्यांत. आपल्या पावसात युरिया वाहून जातो, तेव्हा तेवढाच युरिया तीन हप्त्यांत विभागा, पाणी बांधून, पाऊस उघडलेला पाहून. पाच गुंठ्यांना ११२१ किंवा १८८५ असेल तर सगळा मिळून साडेचार किलो, १५०९ किंवा १८४७ असेल तर पावणेसात. पानं थोडी पोपटी दिसली म्हणून घाबरून मूठभर जास्त टाकू नका. चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला गाडला असेल तर शेवटचा हप्ता निम्मा केला तरी चालेल.

कणीचं कारण बहुतेक वेळा शेतातच असतं, दोष मात्र गिरणीवाल्याला मिळतो. आपण भात कापून कडपं खाचरातच तीन-चार दिवस पसरून ठेवतो. रात्री दव पडतं, दिवसा ऊन लागतं. भिजणं आणि तापणं चालू राहिलं की दाण्याला आतून तडे जातात. खात्री करायची तर दहा दाणे हाताने सोला आणि सूर्याकडे धरून पाहा, आडव्या बारीक रेघा दिसतील. इंद्रायणीचा दाणा हे थोडंफार सोसतो, बासमतीचा लांब दाणा त्या रेघेवरच मोडतो. म्हणून लोंबीच्या बुडाचे चार-पाच दाणे अजून हिरवट असतानाच कापा, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी झोडा, आणि दाणा सावलीत ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा. वास देणारं द्रव्य उडून जाणारं आहे, कडक उन्हात ते आधी जातं. दाताखाली दाणा कट् आवाज करून तुटला की वाळला. मग गावातल्या जुन्या हलरवर नेऊ नका, रबर रोलरची गिरणी शोधा.

बी घरचं धरता येतं. भात स्वतःच्याच परागाने फळतं, आणि ही सरळ वाणं आहेत, संकरित नाहीत. फक्त फुलोऱ्याच्या वेळी आणि कापणीआधी असं दोनदा शेतात फिरा, उंचीने किंवा लोंबीने वेगळी दिसणारी झाडं मुळासकट काढा, आणि बियाण्याचा पट्टा खाचराच्या मधला निवडा, कारण बांधालगतच्या झाडांत शेजारच्या इंद्रायणीचा पराग येण्याची शक्यता असते.