बोगद्यातही चालणारा जपानीचा अभ्यास

आधी जपानीच्या दोन लिप्यांची, म्हणजे हिरागानाची ४६ आणि काताकानाची ४६, मूळ अक्षरं पाठ कर. अ‍ॅपमध्ये रोमन लिपी दिसत असेल तर सेटिंगमधून बंद कर, नाहीतर नजर तिथेच जाते.

शब्दांसाठी अँकीड्रॉइड घे, शब्दांची कार्डं दाखवून उजळणी करून घेणारं अ‍ॅप, फुकट आहे. त्यात रोज २० नवी कार्डं आपोआप लागलेली असतात. ती १० कर. २० ठेवलीस तर काही आठवड्यांत उजळणीच दिवसाला २०० च्या आसपास जाते आणि माणूस कंटाळून अ‍ॅप उघडायचं सोडतो. गणपतीत खाडा होणारच (व्हायलाच हवा), म्हणून आठवडाभर आधी नवी कार्डं शून्यावर आण.

कार्डांचे आवाज वाय-फायवर उतरवून ठेव. पावसात रेंज गेली किंवा गाडी कोकण रेल्वेवरच्या करबुड्याच्या बोगद्यात शिरली तरी अडत नाही. आणि ऐकलेलं मोठ्याने म्हण. डब्यातले बघतील, बघू देत.