अकरा ठिकाणं आणि दोन दिवस

भटकंतीच्या या सदरात या वेळी चार पत्रं जुन्नरची आली. मी याच तालुक्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे या वेळचं पान जुन्नरलाच देते. बाकीच्यांनी रागावू नये, तुमची पाळी पुढच्या महिन्यात.

प्रश्न : बाई, डिसेंबरअखेर दोन दिवस जुन्नरला येतोय. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात). शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, जीवधन, चावंड, हडसर, कुकडेश्वर, माळशेज, तुळजा लेणी आणि खोडदची दुर्बीण अशी यादी केली आहे. क्रम कसा लावावा?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : क्रम नंतर लावू, आधी कात्री लावू. जीवधन, चावंड आणि हडसर आत्ताच खोडून टाका. हे तिन्ही किल्ले मला जिवापाड आवडतात, पण एकेकाला अर्धा दिवस तरी जातोच. जीवधनच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ च्या सुमारास सुरुंग लावून उडवल्या, ती जागा लहान मुलाला घेऊन चढण्यासारखी नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत मनात आलं म्हणून शिरता येत नाही, आधी परवानगी लागते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांसाठी खुली असते, तेव्हा मुलाला मुद्दाम आणा. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या पाहून तो घरी गेल्यावर गप्प बसणार नाही. आणि माळशेज तुमच्या येण्याच्या वाटेवरच आहे, त्याचा वेगळा आकडा कशाला धरलात?

उरली सहा. तीही दोन दिवसांत जास्तच आहेत, पण तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर शिवनेरी. गाडी पायथ्याशी लावा, सासूबाईंना मुक्कामावरच आराम करू द्या. मुलाला सांगा, सात दरवाजे मोजायचे. महादरवाजा, गणेश दरवाजा, हत्ती दरवाजा अशी नावं त्याच्याकडून वदवून घेत चढलात, तर चढ कधी संपला ते त्याला कळणारही नाही. शिवजन्माच्या इमारतीपाशी सगळे फोटो काढतात, तुम्हीही काढा. पण गंगा-जमुना टाक्यांपाशी पाच मिनिटं बसा आणि खालच्या वस्तीकडे बघा. एवढ्या उंचावर माणसं राहायची ती या पाण्याच्या भरवशावर.

दुपारी ऊन उतरल्यावर लेण्याद्री. पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत, सासूबाईंसाठी डोली मिळते, दर आधी ठरवून घ्या. हातात खाण्याची पिशवी दिसली की माकडं ती तुमची मानत नाहीत. गिरिजात्मजाचं दर्शन ज्या दालनात घ्याल, ते मुळात बौद्ध भिक्खूंचं विहार आहे. एवढं मोठं दालन, पण मध्ये एकही खांब नाही आणि कडेला भिक्खूंच्या खोल्या. लोक दर्शन घेऊन तिथूनच परततात. तुम्ही मात्र शेजारच्या सहाव्या लेण्यात, चैत्यगृहात (म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात) जा. ते कोणी दिलं हे तिथल्या ब्राह्मी लेखात कोरलेलं आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. तुमच्याच गावचा माणूस! दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून आला आणि इथे दान देऊन गेला. हे कल्याणच्या नऊ वर्षांच्या मुलाला सांगून बघा.

दुसऱ्या दिवशी नाणेघाट, जाताना वाटेत पूर गावचं कुकडेश्वराचं देऊळ. जुन्नरहून तीस-पस्तीस किलोमीटर, रस्ता घाटाच्या माथ्याजवळ जातो. दगडी रांजणापर्यंत सासूबाई सहज येतील. गुहा मात्र नळीतून थोडं खाली कोकणाच्या अंगाला आहे, दगड ओबडधोबड आहेत, तेव्हा उतरायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. गुडघे त्यांचे आहेत. तुळजा आणि ओझर यांपैकी वेळ उरेल ते एक. सासूबाईंना विचारलंत तर ओझर म्हणतील, मला विचारलंत तर तुळजा. का, ते खाली येतंच आहे.

प्रश्न : नाणेघाटातला उलटा धबधबा ऑगस्टमध्ये शनिवारी-रविवारी बघायचा आहे. रील छान येण्यासाठी नेमकं कुठे उभं राहावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कड्यापासून लांब. अरे बाबा, ते पाणी उलटं का उडतं याचा विचार कर. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळतो आणि वर उसळतो, त्या रेट्याने पडणारं पाणी मागे फेकलं जातं. जो वारा धबधब्याला उलटा फिरवतो तो तुझी छत्री आणि तुझा तोलही फिरवू शकतो. पावसाळ्यात अशा ठिकाणी प्रशासनाचे मनाई आदेशही निघतात, निघण्याआधी त्यांची चौकशी कर. जमलं तर मधल्या वारी ये. शनिवारी धबधब्यापेक्षा गाड्याच जास्त दिसतात.

प्रश्न : खरं सांगू का बाई, लेण्यांत काय बघायचं तेच मला कळत नाही. रिकाम्या खोल्या, काळोख, वटवाघळांचा वास. माहितीचा फलक वाचते आणि बाहेर येते. माझंच काही चुकतं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : चुकत काही नाही, घाई होते इतकंच. मीही पहिल्यांदा नाणेघाटाची गुहा पाहिली तेव्हा दोन मिनिटांत बाहेर आले होते. चौकोनी खोली, भिंतीवर ओरखडे. नंतर एका जाणत्या माणसाने बॅटरी हातात दिली आणि म्हणाला, "भिंतीवर समोरून मारू नका, भिंतीला चिकटवून आडवी धरा." धरली, आणि तोवर सपाट वाटणाऱ्या दगडातून अक्षरं उठून आली. प्रत्येकाच्या एका कडेला सावली पडली होती. मोबाइलच्या उजेडानेही हे जमतं, फक्त गुहेत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत थांबा.

मग जे दिसतं ते असं. डावीकडे दहा ओळी, उजवीकडे दहा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. सुरुवातीला इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य अशा देवतांना वंदन, पुढे अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी आणि प्रत्येक यज्ञात दिलेली दक्षिणा: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी. थोडक्यात, अर्धा लेख हिशोबाचा आहे. मला तर तोच भाग आवडतो, कारण त्यात आकडे आहेत. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा, चार म्हणजे आपल्या अधिकच्या चिन्हासारखी फुली. शून्य नाही, त्यामुळे दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. वाचता येत नाही म्हणता ना? ती फुली शोधा. सापडली की तुम्ही ब्राह्मीतला एक आकडा वाचलात.

मागच्या भिंतीकडे वळा. तिथे राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते: सिमुक सातवाहन, राणी, तिचा नवरा सातकर्णी, राजपुत्र. पुतळे गेले, उरल्या पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं. माझ्या वर्गातली एक मुलगी तिथे म्हणाली होती, "बाई, हजेरीपुस्तक आहे, पण सगळे गैरहजर." यापेक्षा नेमकं वर्णन मी अजून वाचलेलं नाही.

आणि हे सगळं अशा आडवाटेला का? कारण ती आडवाट नव्हतीच. खाली सोपारा, कल्याण ही बंदरं, वर जुन्नरची बाजारपेठ आणि मध्ये हा घाट. वरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, असं आमच्याकडे सगळे सांगतात. जुन्नरच्या लेण्यांत यवनांचीही, म्हणजे ग्रीकांची, दानं आहेत, चिट नावाच्या यवनाने तर चक्क भोजनमंडप दिला. म्हणजे 'रिकाम्या खोल्यां'पैकी एक ही जेवणाची खोली होती. कुठली खोली कशाची असेल असा विचार करत फिरा, खोल्या रिकाम्या राहत नाहीत.

यानंतर तुळजा लेणी बघा, जुन्नरच्या पश्चिमेला, शहरापासून जवळच. तिथलं चैत्यगृह लांबट नाही, गोल आहे. मध्ये स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमटासारखं छत. या आकाराचं चैत्यगृह क्वचितच पाहायला मिळतं. स्तूप आणि खांब यांच्यामधून एक फेरी मारा, हळू. पायांना जे कळतं ते फलकावर लिहिलेलं नसतं.

प्रश्न : शिलालेखाचा फोटो स्पष्ट यावा म्हणून अक्षरांत खडूची पूड भरली तर चालते का? नंतर पुसता येते ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही चालत. संरक्षित स्मारकाला इजा केली तर १९५८ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायदा राहू द्या, माझंच सांगते. नोकरीला लागले त्या वर्षी मुलांना दिसावं म्हणून एका लेण्यातल्या लेखावर मी स्वतः खडू फिरवला होता. मुलांना अक्षरं छान दिसली. नंतर ओल्या रुमालाने पुसायला गेले, तर पूड खाचेत आणखी आत बसली. पुढच्या वर्षी सहलीला गेलो तेव्हाही पांढुरकेपणा तिथेच, आणि एका मुलाने विचारलं, "बाई, हे कुणी केलं?" मी उत्तर दिलं नाही. आता देते आहे. वर सांगितलेली बॅटरी आडवी धरा, फोटो खडूपेक्षा चांगला येतो.

जाता जाता : कल्याणच्याच वाचकांनी पत्राच्या तळाशी विचारलंय, "मासवडी कुठे चांगली मिळते आणि सासूबाईंना चालेल का, त्या शाकाहारी आहेत." खुशाल चालेल, मासवडीत मासा नसतो. शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण भरायचं, फडक्यानेच गुंडाळायचं आणि वड्या कापायच्या. कापलेली वडी माशाच्या तुकडीसारखी दिसते, एवढाच माशाचा संबंध. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. हॉटेलचं नाव मी छापणार नाही, पण जिथे मुक्काम कराल तिथे आदल्या रात्रीच सांगून ठेवा. ऐन वेळी मागितलीत तर पिठलं मिळेल.