आयात गाडीला बाहेरून क्रूझ कंट्रोल

प्रश्न : माझ्या आयात केलेल्या ऑटोमॅटिक टोयोटाला क्रूझ कंट्रोल (पेडल न दाबता ठरावीक वेग राखणारी सोय) नाही. पुण्याच्या फेऱ्या बऱ्याच होतात. बाहेरचं किट बसवावं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी ॲक्सिलरेटर केबलवर (ओढल्या जाणाऱ्या तारेवर) चालतो की वायरवर (विजेच्या सिग्नलवर), ते बघा. वायरवर असेल तर किटचे पैसे लगेच घालू नका. अनेक टोयोटांच्या ईसीयूत (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) ही सोय असते, फक्त ती चालू-बंद करणारी स्टीअरिंगमागची दांडी दिलेली नसते. ती बसवताना एअरबॅग उतरवावी लागते. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून किमान 10 मिनिटं थांबा.

किटच घ्यायचं तर पेडलच्या सॉकेटमध्ये थेट बसणारं हार्नेस (तयार तारांचा जुडगा) मागा. मेकॅनिक तारा सोलून जोड मारू लागला तर गाडी परत आणा! पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. त्यांचे व्होल्टेज जुळले नाहीत की इंजिन लाइट लागतो, गाडी पिकअप घेत नाही.

ब्रेक दाबताच क्रूझ सुटावं म्हणून किट ब्रेक स्विचला जोडतात. त्या स्विचच्या दिव्याच्या तारेवर ब्रेक पेडल दाबल्यावर सुमारे 12 व्होल्ट, सोडल्यावर शून्य हवेत. केबलवाल्या काही किटांना ब्रेकच्या बल्बमधून अर्थिंग मिळतं. एलईडी दिवे असतील तर क्रूझ लागत नाही; तिथे रिले (विजेवर चालणारा स्विच) घालावा. खंबाटकी घाटात आणि पावसात मात्र क्रूझ बंदच ठेवा.