पाणी 20 मीटर खाली, मोटर 5 एचपी. मिनिटाला किती लिटर निघेल? माझं उत्तर दीड लिटर येतंय, कुठं चुकलं?

उत्तर साधारण 1,142 लिटर आहे; तुम्ही एचपीचे वॅट न करताच 5 हा आकडा सूत्रात टाकलाय. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, म्हणून शक्ती 3,730 वॅट. मिनिटाचे 60 सेकंद करून गुणा: 2,23,800 जूल. हे कार्य म्हणजे वस्तुमान × 9.8 × उंची. 9.8 × 20 म्हणजे 196 ने भागलं की 1,142 किलो, म्हणजे तेवढेच लिटर. उंची पाण्याच्या पातळीपासून पाइपाच्या तोंडापर्यंत धरायची, विहिरीच्या तळापासून नाही. म्हणून तर उन्हाळ्यात बीड-जालन्याकडं पाणी खाली गेलं की तीच मोटर कमी पाणी देते. मात्र हा हिशोब 100 टक्के कार्यक्षमतेचा; शेतातली कुठलीच मोटर एवढं पाणी फेकत नाही. गणितात 60 टक्के दिली असेल तर 685 लिटर लिहा.